कुणीतरी जेवल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही

म्हाताऱ्या माणसांबद्दल लोकांना गोड गोड वाचायला आवडतं. गर्गे काका गोड नाहीत. शिवाय ते राहतात त्या तिसऱ्या मजल्यावर चढून जाईपर्यंत आपल्यातलाही गोडवा संपतो, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

इंदिरानगरातली ही इमारत झाली तेव्हा तिच्यात राहायला आलेली सगळी माणसं तिशीतली होती. आपण कधी सत्तरीचे होऊ असं त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बिल्डरच्या तर नाहीच नाही. मी पादचाऱ्यांच्या आणि ज्येष्ठांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत आहे. म्हणजे पत्रकं लिहिते, ती वाटते आणि भांडते. स्वतःच्या इमारतीपासून सुरुवात करावी म्हणून मी लिफ्टचं पत्रक काढून घरोघरी टाकलं आणि सोसायटीच्या बैठकीत उभी राहिले. आमचे सेक्रेटरी बोरसे तळमजल्यावर राहतात. मूळचे सटाण्याचे. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, तुमचं समदं बरोबर हे. पण आमी तळमजल्यावाल्यांनी लिफ्टमध्ये बसून जायचं कुठं?"

सगळे हसले. ठराव तिथेच मेला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते तिसऱ्या मजल्यावरचे गर्गे काका.

मी जिन्यात त्यांना गाठलं. "काका, ही लिफ्ट तुमच्यासाठी होती!"

"हो का? मग मला विचारायचंस की, घोषणाबाई."

तेव्हापासून मी घोषणाबाई. माझं खरं नाव मृणाल आहे आणि ते त्यांना नीट माहीत आहे.

काकांचं मूळ घर पंचवटीतलं, पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचे विधी करणारं. धाकटे दोन भाऊ अजून गंगेवर असतात. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. काकांनी ते काम घेतलं नाही. पाटबंधारे खात्यात लागले, आयुष्य कालव्यांवर काढलं. घरातून निघताना मात्र एक गोष्ट ते बरोबर घेऊन आले. मोठ्याने वाचण्याची सवय.

त्यांच्या लहानपणी चातुर्मासात घरी रोज पोथी लागे. आजोबा वाचत आणि समोर बसलेल्या कुणीतरी ओवी संपली की "हं" म्हणायचं. हुंकार द्यायचा. हुंकार नसेल तर आजोबा पुढे वाचत नसत. दुसरा नियम असा की वाचन थांबवायचं ते चांगल्या ठिकाणी. युद्ध चालू आहे, कुणी मेलं आहे, कुणाला शाप मिळाला आहे, अशा जागी पोथी बांधायची नाही. मग भूक लागलेली असो की झोप आलेली असो.

काकांनी हे दोन्ही नियम आयुष्यभर पाळले. फक्त पोथीच्या जागी रहस्यकथा आल्या. खून, अपहरण, विषप्रयोग, दरीत ढकललेली मोटार. वाचनालयातून पिशवी भरभरून आणायचे आणि दुपारी जेवण झालं की पोथीच्या चालीत वाचायला बसायचे. खालच्या मजल्यावर आमच्याकडे शब्दन् शब्द ऐकू येई. "आणि त्या पेटीत, इन्स्पेक्टरसाहेब, होता एक तुटलेला हात!" हे वाक्य त्यांनी एकदा असं काही म्हटलं की माझ्या आईच्या हातून तेलाची वाटी सांडली.

मी विचारलं होतं, "पण रहस्यकथेत चांगली जागा आणायची कुठून?"

"कुणीतरी जेवलं की चांगली जागा," काका म्हणाले. "प्रेत सापडलं म्हणून पुस्तक मिटायचं नाही. पुढे जायचं. हवालदार डबा उघडतो, इन्स्पेक्टरची बायको त्याला भाकरी वाढते. तिथे खूण घालायची. ज्या लेखकाच्या पुस्तकात दोनशे पानं कुणी जेवत नाही त्याचं पुस्तक मी पुन्हा आणत नाही."

हुंकार द्यायला काकू असायच्या. मेथी निवडता निवडता "हं", दळण चाळता चाळता "हं". मधेच, "तो भाचाच असणार बघा." काकू गेल्या तेव्हा आम्हाला वाटलं, वर आता शांत होईल. तसं झालं नाही. तेराव्यानंतर दुसऱ्याच दुपारी आवाज सुरू झाला. पण त्यात एक फरक होता. एक वाक्य, मग हुंकारापुरती जागा, मग पुढचं वाक्य. ती जागा रिकामीच जायची आणि काका ती सोडायचेही नाहीत. माझी आई खाली पोळ्या लाटत असायची. एकदा मी पाहिलं, त्या रिकाम्या जागेत ती लाटणं न थांबवता हळूच "हं" म्हणाली. तिला स्वतःला ते कळलंही नाही.

संध्याकाळी कॅरम. एकटेच. स्टुलावर बोर्ड, दोन्ही बाजूंना खुर्च्या. या बाजूने एक डाव मारायचा, उठायचं, वळसा घालून त्या बाजूला बसायचं, तिथून मारायचं. समोरच्या बाजूला ते "दुसरा" म्हणत. दुसऱ्याशी त्यांची भांडणं होत. "राणी कव्हर न करता घेतोस? ठेव परत!" मी एकदा म्हटलं, "काका, मी बसते ना समोर." त्यांनी मला खेळू दिलं, पाच मिनिटांत हरवलं आणि म्हणाले, "तुझ्यापेक्षा दुसरा बरा खेळतो. राग मानू नकोस."

तर असा माणूस एका थंडीच्या दुपारी माळ्यावरचं जुनं पुस्तक काढायला स्टुलावर चढला आणि पडला. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. उठता येईना. ते हाका मारू लागले.

"कुणी आहे का? अहो, कुणी आहे का तिकडे?"

आणि सबंध इमारतीने ते ऐकलं. पहिल्या मजल्यावरच्यांनी ऐकलं. बोरसे गच्चीवर टाकी बघायला चालले होते, त्यांनी तर काकांच्या दारासमोरून जाताना ऐकलं. माझ्या आईने ऐकलं. सगळ्यांना वाटलं, आज पुस्तक चांगलं मिळालंय. बोरसे नंतर शपथेवर सांगत होते, "ताई, मी थांबून ऐकलं बी थोडं. म्हटलं, काका लय रंगात हे. 'दार उघडा' म्हणले तवा तर अंगावर काटा आला माझ्या!"

दाराबाहेर उभं राहून काटा आला. दाराच्या आत माणूस फरशीवर.

मग आवाज थांबला. आई स्वयंपाकघरात होती. तिने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. वाक्य येईना. तिने गॅस बारीक केला. आणि तिच्या लक्षात आलं की गर्गे काका कधीही अशा जागी थांबत नाहीत. कथेत कुणीतरी मदतीला हाका मारतंय आणि काकांनी पुस्तक मिटलं, हे होणंच शक्य नाही. अजून कुणी जेवलेलं नाही. तिने आमच्याकडे असलेली त्यांची किल्ली घेतली आणि पिठाच्या हातांनी वर पळाली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा मनात पत्रक अर्धं लिहून झालं होतं. मला वाटलं होतं ते वाचनालयाच्या वाटेवर पडले. त्या रस्त्याचा फुटपाथ मी दोनदा महापालिकेला फोटो काढून पाठवला होता.

"कुठे पडलात काका? गटाराचं झाकण नव्हतं ना?"

"माझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्टुलावरून," काका म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता, तरी डोळे हसत होते. "निराश झालीस?"

"झाले. निदान रस्त्यावर तरी पडायचं होतं."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

शस्त्रक्रिया झाली, अर्धा सांधा नवा बसवला. घरी आले ते खुर्चीत बसून, चौघांच्या हातांवर. तळमजल्यावरचे बोरसेही त्या चौघांत होते आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली. मी बघितलं मात्र त्यांच्याकडे.

त्यानंतरचे महिने वाईट गेले असं कुणीही म्हणेल. मला वाटतं, काकू गेल्यापासूनचे काकांचे ते सगळ्यांत चांगले महिने होते. पुण्याहून मुलगा निखिल दर शनिवारी यायचा. आईचा डबा जायचा, पहिल्या मजल्यावरून खिचडी यायची. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची. काकांनी वॉकर शेजारी ठेवून पुन्हा वाचायला सुरुवात केली, तर कथेतल्या बाईने किंकाळी फोडताच अर्धी इमारत वर. दार उघडंच असायचं. बोरसे बनियनवर धावत यायचे. काका पुस्तकातून मान वर करून म्हणायचे, "नाही, नाही, ही सुलोचना आहे. तिला पुलावरून ढकललंय. तुम्ही बसा." आणि माणसं बसायची! चहा घ्यायची. सुलोचनाला कुणी ढकललं ते विचारायची.

कॅरम तेवढा बंद पडला होता. वॉकर घेऊन वळसा घालता येत नव्हता. दुसऱ्याची खुर्ची रिकामी.

"दुसरा आजारी आहे," काका म्हणाले. "बरा झाला की खेळू."

संध्याकाळी काम संपवून मी वर जायचे आणि हुंकार द्यायचे. मला रहस्यकथा आवडत नाहीत. त्यांतल्या बायका एक तर मरतात, नाही तर विष घालतात. हे मी बोलून दाखवायचे. "हुंकार दे, टीका नको," काका म्हणायचे. मी टीका करायचेच. मग ते चष्मा काढून वाद घालायचे आणि पुस्तक तसंच राहायचं.

याच काळात मी माझं सर्वांत चांगलं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'तिसऱ्या मजल्यावरचा कैदी'. काकांचा वॉकरसह फोटो, खिडकीच्या गजांमागे. छापायच्या आधी त्यांना दाखवलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, पोथीच्या चालीत, माझ्या प्रत्येक उद्गारचिन्हावर आवाज चढवत. मग घडी घालून परत दिलं.

"हे छापायचं नाही."

"का? खोटं आहे का यात काही?"

"खोटं नाही. पण निखिल वाचेल."

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. निखिलने ठरवलं होतं की वडिलांना पुण्याला न्यायचं, आणि इथली जागा भाड्याने द्यायची. काकांना जायचं नव्हतं. बरीच घासाघीस होऊन बापलेकांत ठरलं होतं ते असं. निखिल म्हणाला होता, "तुम्ही कुणाचा हात न धरता जिना उतरून, फाटकापर्यंत जाऊन, परत वर आलात तर मी विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं." काकांनी कबूल केलं होतं.

"पुण्याला त्याच्याकडे लिफ्ट आहे, काका," मी म्हटलं. मी खोटं बोलू शकत नाही, हा माझा दोष आहे असं आई म्हणते.

"लिफ्ट आहे. बाग आहे. माझी वेगळी खोलीसुद्धा आहे," काका म्हणाले. "सूनबाई घरून काम करते. भली पोरगी आहे. दिवसभर तिच्या मिटिंगा चालू. मी तिकडे पंधरा दिवस राहून पाहिलंय, काकू गेल्यावर. मनात वाचायचं. मनात वाचलं की मला समजतच नाही, मृणाल. डोळे जातात पानावरून आणि आत काही उतरत नाही."

घोषणाबाई न म्हणता त्यांनी नावाने हाक मारली होती. पत्रक छापलं नाही. अजूनही माझ्या मते ते छापायला हवं होतं. लिफ्टचा प्रश्न आहे तिथेच आहे.

मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, असं त्या व्यायामवाल्या मुलीने शिकवलं होतं. काका ते पुटपुटत उतरायचे. "उतरताना वाईट पुढे. तुमच्या संघटनेत कसं असतं गं?" एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. आधी एक जिना, मग दोन. दर वळणावर थांबून दम खायचे. सकाळच्या गारव्यातही त्यांच्या कपाळावरून घाम निथळताना मी पाहिलाय. मी खालच्या पायरीवर हात पसरून उभी राहिले की खेकसायचे, "बाजूला हो! पडायचं असेल तर मला मोकळी जागा हवी."

ठरलेल्या रविवारी निखिल आला. आई आणि मी आमच्या दारात उभ्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस विंचरले होते. कुणाशी न बोलता ते आमच्यासमोरून उतरले. निखिल एक पायरी मागे, हात हवेत अधांतरी. फाटकाला हात लावून काका वळले. बोरसे अंगणात उभे होते, त्यांनी टाळी वाजवली, काकांनी तिकडे पाहिलंही नाही. चढताना आमच्या मजल्यावर आले तेव्हा पाय थरथरत होते. आई नकळत पुढे झाली. मी तिला मागे ओढलं. काका वर गेले.

निखिल दोन जिन्यांच्या मधे थांबला आणि त्याने बायकोला फोन लावला. "अगं, झालं! मस्त चालतायत. नाही, नाही, इथेच राहतील. हो, हो, कळवतो सगळ्यांना." आवाज इतका हलका, इतका मोकळा की मला संताप आला. वाईट माणूस नाही तो. महिनोन् महिने शनिवारी गाडी मारत येत होता. तरी मला संताप आलाच.

मी वर गेले तेव्हा काका खुर्चीत बसून पाणी पीत होते. अभिनंदन करणार होते मी.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले. "दहावीच्या निकालाला असा आवाज होता त्याचा." पेला खाली ठेवून म्हणाले, "सुटला पोरगा."

माणूस बरा झाला की लोक किती झपाट्याने मोकळे होतात! हे मला कुठल्याच पत्रकात मांडता आलेलं नाही, कारण ते कुणाच्या विरुद्ध मांडायचं हेच कळत नाही. व्यायामवाली मुलगी बंद झाली, ते रास्तच होतं. खिचडी बंद झाली. निखिलचे शनिवार आधी महिन्यातून एक झाले, मग मोबाइलवर तोंड दाखवण्यापुरते. किंकाळीला बोरसे धावेनात, कारण आता काका स्वतः उठू शकत होते. संघटनेने मला हरसूलच्या बाजूला पाण्याच्या कामावर पाठवलं. आठवड्यातले पाच दिवस मी तिकडेच असते.

आणि आई. पाठीमुळे सकाळच्या शाळेतली नोकरी सोडल्यावर आईने दुपारी घरी शिकवण्या सुरू केल्या. वरून आवाज आला, "खंजीर! माझा खंजीर कुठाय?" की मुलं हसून लोळायची. नकला करायची. एक दिवस आई वर गेली आणि शब्द जुळवत जुळवत तिने विचारलं, दुपारी जरा हळू वाचाल का.

"अवश्य," काका म्हणाले. "अवश्य. माझ्या लक्षातच आलं नाही."

त्या शनिवारी मी घरी आले तर वर शांतता. कारण कळलं तेव्हा मी आईशी कडाक्याचं भांडले. "त्यांनी जीव काढून ते घर राखलं ते कशासाठी राखलं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे. पण पोरं हसतात त्यांना. दहा पोरं रोज खालून हसतात आणि वर त्यांना ऐकू जातं. मी काय करायचं होतं? तू सांग. पत्रक काढू?"

मी वर गेले. काका दार उघडून म्हणाले, "ये, ये. अगं, मनातसुद्धा वाचता येतं हळूहळू. सवय होते." पुस्तक टेबलावर पालथं होतं. पहिल्याच पानावर. मी म्हटलं, वाचा, मी हुंकार देते. त्यांनी दोन पानं वाचली, अगदी खालच्या आवाजात, आणि दमलो म्हणून थांबले. कथेतला माणूस तेव्हा एका विहिरीत लटकलेला होता.

मागच्या महिन्यात मी हरसूलहून आले ती दुपारची. पाठीवर पिशवी, पायात चिखल. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, जिना वळतो तिथे, घडीची खुर्ची टाकून गर्गे काका बसले होते. मांडीवर पुस्तक, भिंतीला टेकवलेली काठी.

"इथे का बसलात, काका? ना ऊन, ना वारा."

"रहदारी आहे," ते म्हणाले.

बोरसेंची चिठ्ठी त्यांच्या डोक्यावरच भिंतीला चिकटवलेली होती, जिन्यात सामान ठेवू नये म्हणून. मी ती फाडायला हात घातला. "राहू दे," काका म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मी संध्याकाळी खुर्ची उचलून नेतो."

"तुमचा हक्क आहे इथे बसण्याचा. मी बघते त्यांच्याकडे."

"बसायचा हक्क मिळवून देशील तू. त्यात शंका नाही." त्यांनी पाय आत घेतले, मला वर जायला वाट करून दिली. "जा, दमून आलीस. आई वाट बघतेय."

मी चार पायऱ्या चढले आणि कठड्यावरून खाली पाहिलं. कुरिअरवाला दोन-दोन पायऱ्या घेत वर येत होता, कानात गाणं. काकांनी मान वर केली, वाचायला तोंड उघडलं. तो माझ्याही बाजूने तसाच निघून गेला. काकांनी तोंड मिटलं, पान उलटलं. कुठल्या ओळीवर होते ते त्यांनाही ठाऊक नसावं.

खाली फाटक वाजलं. जिन्यात पुन्हा कुणाची तरी पावलं आली. कोण येतंय ते वळणामुळे अजून दिसत नव्हतं. काकांनी पुस्तकात बोट घातलं आणि मान वर केली.